दहा ग्रॅमचा संन्यास

वजन या विषयावर आपल्याकडे दोन मते आहेत, आणि दोन्ही मते एकाच माणसाची असतात. अंगातले कमी व्हावे आणि चार माणसांतले वाढावे! कचेरीतल्या कागदावर वजन ठेवल्याशिवाय तो हलत नाही, हा शास्त्रज्ञांना न सुचलेला नियमही आपलाच. त्यामुळे वजन काढणे हीच ज्यांची साधना आहे अशी माणसे जगात आहेत हे कळल्यावर मला त्यांच्याविषयी फार आदर वाटला.

ही माणसे अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया अशा मुलखांत घरामागच्या गॅरेजात सापडतात. तिकडे लाकूडतोड्यांच्या स्पर्धा भरतात. त्यात 'हॉट सॉ' नावाचा एक प्रकार असतो. आडव्या ओंडक्यावरून चेनसॉने तीन चकत्या उतरवायच्या, एकदा वरून खाली, एकदा खालून वर, पुन्हा वरून खाली. तरबेज गडी हे सगळे पाचसहा सेकंदांत उरकतो. आपल्याकडे तेवढ्या वेळात खिशातला चष्मा सापडत नाही. असल्या करवतीत काही जण सरळ बर्फावरच्या गाडीचे इंजिन बसवतात. पण जे सोवळे साधक असतात, ते मूळचेच इंजिन उघडतात आणि त्याचा पिस्टन हलका करत बसतात. पिस्टन म्हणजे शाळेच्या पुस्तकातला दट्ट्या. त्या नावाने तो एकाही मिस्त्रीला माहीत नाही.

माझा भाचा अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात असतो. त्याच्या शेजाऱ्याच्या गॅरेजात दोन संध्याकाळी उपड्या बादलीवर बसून मी ही साधना पाहिली. सोनाराकडे असावा तसला तोलकाटा, दाढांच्या डॉक्टरकडची असावीत तसली बारीक गिरमिटे, आणि समोर मुठीत मावेल एवढा पिस्टन. मी विचारलं, "यानं वेळ किती वाचतो?" तो म्हणाला, "सेकंदाचा एखादा तुकडा. वाचला तर." "आणि तुमचा गेला किती?" "हा तिसरा हिवाळा."

तुम्ही म्हणाल, पन्नास ग्रॅमच्या वस्तूतून दहा ग्रॅम काढून कोणते राज्य मिळणार? मीही तसेच म्हणणार होतो, पण त्याने हिशेब मांडला. इंजिन मिनिटाला १२,००० फेऱ्या घेते, म्हणजे सेकंदाला २००. दर फेरीत पिस्टन एकदा वर आणि एकदा खाली थांबून उलटा फिरतो. म्हणजे एका सेकंदात ४०० वेळा थबकणे आले. साडेतीन सेंटिमीटरच्या धावेत हा तमाशा चालला की वरच्या टोकाला तो पन्नास ग्रॅमचा जीव दीडशे किलोंहून जास्त ओढ मारतो! वेग दुप्पट केला की ही ओढ चौपट. त्यातले दहा ग्रॅम काढले तर दांड्यावरचा तीस किलोंहून अधिक भार उतरला. यातून ताकद अशी काही वाढत नाही. पण दांडा आणि बेअरिंग वाचतात, आणि इंजिनाला आणखी वर पळण्याची हिंमत येते. थोडक्यात, वस्तू किती जड हे तिच्यावर नव्हे, आपण किती पळतो आहोत यावर ठरते. ज्याची धावपळ मोठी, त्याला खिशातली चिठ्ठीसुद्धा जड.

आता प्रश्न असा की, वजन काढायचे कुठून? माथ्यावरून काढावे तर तिथे आग असते. माथा पातळ झाला की उष्णतेने भोक पडते. गजनखिळ बसते तिथून काढावे तर सगळा जोर तिथेच. उरतो खालचा घेर. त्याला तिकडे स्कर्ट म्हणतात, आपण परकर म्हणू. हा परकर दिसायला अगदी निरुद्योगी. पण चेनसॉचे इंजिन दोन स्ट्रोकचे, आपल्या जुन्या लूनाच्या कुळातले. त्याला झडपा नाहीत. धूर जायची खिडकी उघडणे-मिटणे हे काम पिस्टनच आपल्या अंगाने करतो. परकर आखूड केला की पिस्टन वर गेल्यावर ती खिडकी खालून उघडी पडते, आणि आत आलेले ताजे इंधन न जळताच धुराड्यावाटे निघून जाते. तेव्हा भोके पाडायची ती खिडक्या चुकवून, आणि प्रत्येक भोकाची कड घासून गुळगुळीत करायची, नाहीतर तिथूनच तडा जातो.

एवढ्याने भागत नाही. पिस्टनच्या वजनातला काही हिस्सा तोलण्यासाठी खाली क्रँकवर, विरुद्ध बाजूला, एक प्रतिवजन असते. कारखान्याने ते मूळच्या पिस्टनचा विचार करून बसवलेले. पिस्टन हलका झाला की तेच प्रतिवजन जास्तीचे ठरते. मग थरथर नाहीशी होत नाही; फक्त दिशा बदलते. उभी होती ती आडवी होते. आणि इंजिनाची थरथर शेवटी जाते कुठे? करवत धरणाऱ्याच्या हातात. वर्षानुवर्षे चेनसॉ धरणाऱ्यांची बोटे या कंपनांनी पांढरी आणि बधिर पडतात, हा डॉक्टरांना ठाऊक असलेला आजार आहे.

हे ऐकल्यावर मला आपल्याकडचे सगळे हलके झालेले लोक आठवू लागले. आमचे एक स्नेही पन्नाशीला मीठ सोडून मोकळे झाले. तेव्हापासून त्यांच्या घरात प्रत्येक भाजी दोनदा होते. दुसऱ्या एकांनी व्यवहारातून लक्ष काढून घेतले. ते लक्ष आता त्यांची सून विजेच्या आणि गॅसच्या रांगेत उभी राहून देते. विठ्ठलपंत काशीला जाऊन संन्यासी झाले, पण घरी पत्नी आहे हे कळताच गुरूंनी त्यांना आळंदीला परत पाठवले, अशी कथा आहे. पुढे लोकांनी त्या जोडप्याला आणि ज्ञानेश्वरांसह चारी मुलांना जे भोगायला लावले, ते आपण जाणतोच. गुरूंना यंत्रे ठाऊक नव्हती, पण प्रतिवजन ठाऊक असावे.

तर मग सोडूच नये का काही? तसेही नाही. साठीनंतर मीही काय काय सोडायचे याची यादी केली आहे. सोसायटीचे सचिवपद, लग्नातली आग्रहाची पंगत, आणि दर रविवारी थोरल्या आत्याकडे जाऊन दोन तास बसणे. आत्याला आता मी कोण ते कळत नाही. दर रविवारी ती मला नवीन नावाने हाक मारते. हिशेबाने पाहिले तर हे निव्वळ परकराचे वजन. पण मी तिथे बसतो म्हणून त्या दोन तासांत वहिनी दार ओढून घेऊन बाहेर पडते. भाजी आणते, देवळात जाते, कधी नुसतीच चालून येते. आठवड्याच्या त्या घरातली तेवढीच एक खिडकी, आणि ती माझ्या बसण्यावर चालते.

जाणत्या कारागिराची रीत अशी की, पिस्टनमधून वजन काढले की क्रँक सोडवायचा आणि समोरच्या प्रतिवजनातूनही हिशेबाने धातू काढायचा. हे काम किचकट, म्हणून पुष्कळ जण टाळतात. आपले हलके होणे एका संध्याकाळचे असते. समोरच्याला हलके करायला हिवाळे लागतात. वहिनीला आधी विचारायचे, दुसऱ्या कोणाची सोय लावायची, ती टिकते का पाहायचे, आणि मग आपले नाव काढायचे. तोवर यादीतल्या सचिवपदाला मी खुशाल भोक पाडतो. तिथे माझ्या बसण्याने कुठलीच खिडकी उघडत नव्हती, याला सोसायटीतली चोवीस बिऱ्हाडे साक्ष देतील.