गुडघ्याखाली चार बोटे

लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'च्या १७९४ सालच्या ऑक्टोबरच्या अंकात एका मराठी माणसाच्या नाकाची हकीकत छापून आली होती. कावसजी हा इंग्रज फौजेत बैल हाकणारा शेतकरी. १७९२ च्या युद्धात तो टिपूच्या हाती सापडला आणि नाक व एक हात गमावून परतला. पुढे वर्षभराने पुण्याजवळच्या, विटा पाडणाऱ्या जातीतील एका कारागिराने कपाळाची कातडी वळवून त्याला नवे नाक करून दिले. ही कथा आपण परप्रांतीयांना मोठ्या अभिमानाने ऐकवतो. परंतु त्या लेखातले सारे कौतुक नाकाचे आहे. हाताच्या उरलेल्या थोटकाकडे कोणाचे लक्ष गेलेले दिसत नाही. नाक चारचौघांत मिरवायचे असते. थोटूक बाहीत झाकता येते!

हा भेद आम्हांला सहज सुचलेला नाही. वेस्ट मांबलममध्ये आमच्या शेजारी राहणारे एक स्नेही, आपल्यासारखेच बदलीच्या नोकरीतले, दुचाकीवरून घरी येताना अपघातात सापडले. उजव्या पायाची नडगी चिरडली गेली. पाय वाचणार नाही हे लवकरच स्पष्ट झाले. प्रश्न उरला तो कोठे कापावयाचा, एवढाच. मांडीत कापला तर निरोगी कातडी व स्नायू मुबलक. जखम सुखाने मिटेल. गुडघा राखावयाचा तर त्याच्याखाली हाड जेमतेम चार बोटे उरत होते आणि त्यावर पांघरायला कातडी नव्हती. ती दुसरीकडून आणावी लागणार होती. त्यासाठी लांबलचक शस्त्रक्रिया, कदाचित एकाहून अधिक, आणि यशाची हमी नाही.

त्यांच्या पत्नीने रुग्णालयाच्या व्हरांड्यात आम्हांला विचारले, "काका, तुम्ही काय म्हणता?"

"वरून कापू द्या आणि मोकळे व्हा. त्यांचे हाल वाढवू नका," आम्ही तत्काळ सांगितले.

त्या तत्परतेची आज आम्हांला लाज वाटते. प्रकरण निकालात काढणे हा नोकरशाहीत मोठा सद्गुण मानला जातो, आणि आयुष्यभर तो अंगी बाणवल्यावर माणसाचा पायही आम्हांला प्रकरणासारखाच दिसला. शिवाय, हाल त्यांचे वाढणार होते हे खरे. पण ते रोज पाहण्यातून सुटका आमची होणार होती. कनवाळूपणात आपल्या सोयीचा वाटा किती, हे वजन करून पाहण्याची सवय आपल्याला नसते.

गुडघा गेला म्हणजे काय जाते, हे आम्हांला मागाहून कळले. गुडघा शाबूत असलेल्या माणसाला कृत्रिम पायावर चालताना जे श्रम पडतात, त्याहून कितीतरी अधिक मांडीत कापलेल्याला पडतात. जिना, उतार, बसणे-उठणे, साऱ्यांचा हिशेब बदलतो. खुंटावर नुसती पातळ कातडी डकवूनही भागत नाही. कृत्रिम पायाच्या साच्यात तिच्यावर भार आणि घर्षण दोन्ही येतात. हाडावर ताणून बसलेली कातडी तेथे फाटते, चिघळते. म्हणून कातडीबरोबर तिच्याखालचा मांसल थर आणि त्याला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्याही आणाव्या लागतात. पाठीचा किंवा मांडीचा तुकडा आणून सूक्ष्मदर्शकाखाली त्याच्या रक्तवाहिन्या जोडतात. कधी कधी तर जो पाय टाकून द्यावयाचा, त्याच्याच तळव्याची कातडी उपयोगी पडते. तळव्याची जाड कातडी भार सोसण्यासाठीच घडलेली असते. जेम्स साइम या स्कॉटिश शल्यवैद्याने घोट्याशी पाय कापून टाचेची गादी खाली ठेवण्याची रीत एकोणिसाव्या शतकात घातली, तिच्यातले मर्म हेच.

आमच्या स्नेह्यांचा तळवा सुदैवाने अभंग होता. त्यांनी आमचा सल्ला शांतपणे ऐकून घेतला आणि गुडघा राखावयाचे ठरवले.

येथे कोणी म्हणेल, गोष्ट साधली म्हणून तुम्ही शहाणे झालात. तसे नाही. सर्वांनी हाच मार्ग धरावा असेही आमचे म्हणणे नाही. रक्तवाहिन्या निकामी झालेल्या थकल्या रुग्णाला वरून कापून लवकर उठवणे हीच खरी दया असू शकते. महिनोन्‌महिने अंथरुणाला खिळवून शेवटी पुन्हा वर कापावे लागले, अशीही उदाहरणे घडतात. आमचा सल्ला कदाचित बरोबरही ठरला असता. तरी तो देण्याची आमची रीत चुकीचीच होती. जे गेले त्याचा शोक आम्ही केला आणि जे उरले होते ते क्षुल्लक म्हणून सोडून द्यायला निघालो. ती चार बोटे आमची नव्हती. त्यांच्यासाठी किती सोसावयाचे, हे ठरवण्याचा हक्क ज्याला सोसावयाचे होते त्याचाच होता.

सगळे सुरळीत झाले असेही नाही. दुसरी शस्त्रक्रिया करावी लागली, रजा संपली, पगार अर्ध्यावर आला. नव्या पायाने पहिल्या उन्हाळ्यात घामाने एकदा कातडी सोलली आणि महिनाभर पुन्हा कुबड्या आल्या. आता संध्याकाळी ते अयोध्या मंडपापर्यंत चालत जातात. आम्ही बरोबर असलो तर आमच्यासाठी वाटेत थांबतात.

परवा घरी गेलो तेव्हा कृत्रिम पाय काढून ते खुर्चीत बसले होते. त्यांच्या धाकट्या मुलीने खुंटावर बोट फिरवले आणि ते दचकून हसले. तळव्याबरोबर त्याची मज्जातंतूही राखलेली असल्याने तेथे स्पर्श केला की नसलेल्या पावलाच्या तळव्याला गुदगुल्या होतात म्हणे. मुलीला ते ठाऊक आहे, आणि ती मुद्दाम करते.