झिजलेलं प्रूफ नाणं आणि अर्जुनाची शंका



आजचं चिंतन : भगवद्गीता, अध्याय ६, श्लोक ३७ ते ४५

अर्जुन इथे आपल्या सगळ्यांच्या मनातलं विचारतो. श्रद्धेने साधना सुरू केली, पण मन ढळलं आणि ती मधेच सुटली, तर त्या माणसाचं काय? ना धड संसार, ना परमार्थ. केलेलं सगळं वाया गेलं का?

हे श्लोक वाचताना मला नाणेसंग्राहकांचं एक कोडं आठवतं : झिजलेलं 'प्रूफ' नाणं.

प्रूफ नाणं बाजारासाठी नसतं, संग्रहासाठी खास पाडलेलं असतं. साचा चकचकीत केलेला, कोरी चकतीही तशीच, आणि ठसा सहसा एकापेक्षा जास्त वेळा, जास्त दाबाने उमटवलेला. म्हणून मोकळी जागा आरशासारखी दिसते आणि अक्षरांच्या कडा धारदार येतात.

अमेरिकेचा १८९५ चा मॉर्गन डॉलर घ्या. फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत त्याची ८८० प्रूफ नाणी पाडली गेली. त्यातली काही चक्क खर्च झाली, हातोहात फिरली, झिजली. मग ती ओळखायची कशी? जाणकार भिंग घेऊन अक्षरांच्या बेचक्यांत बघतात. तिथे बोटं कमी पोचतात, म्हणून आरशाचा अंश कधी कधी उरलेला असतो. साच्याच्या बारीक खुणा ताडून बघतात. मागच्या बाजूला खरवडल्याची खूण नाही ना, तेही तपासतात. कारण दुसऱ्या टांकसाळीचं 'ओ' किंवा 'एस' हे अक्षर काढून टाकून साधं नाणं दुर्मिळ म्हणून खपवणारे असतात.

ओळख पटल्यावर प्रत ठरते. मोजपट्टी १ ते ७० ची. फार झिजलेल्या नाण्याला २० सुद्धा मिळतात. पण त्या २० च्या आधी 'पीआर', म्हणजे प्रूफ, ही अक्षरं राहतातच! कारण प्रूफ ही प्रत नाही, ती घडण आहे. झिजेने प्रत उतरते, घडण बदलत नाही.

भगवंतांचं उत्तर याच दिशेने जातं. चांगल्या वाटेला लागलेल्याची दुर्गती होत नाही. पूर्वीची बुद्धी त्याला पुन्हा मिळते आणि जुना अभ्यासच त्याला ओढून नेतो.

पण म्हणून आकडा लपवायचा नाही. "मी मुळात भाविक आहे" म्हटल्याने २० चे ६५ होत नाहीत. आणि घासून चमकवायचंही नाही. घासलेलं नाणं जाणकाराला लगेच कळतं, आणि त्याची किंमत आणखी उतरते. साधना सुटलेली असताना चार लोकांत भक्तीचा देखावा करणं म्हणजे हेच घासणं. सोळाव्या अध्यायात आसुरी संपत्तीची यादी दंभापासूनच सुरू होते.

नाण्याची उपमा मात्र एका ठिकाणी संपते. त्याची गेलेली धार परत येत नाही. माणसाची येते. त्रेचाळिसाव्या श्लोकात तो साधक पुन्हा प्रयत्नाला लागतो, आणि शून्यापासून नाही, सुटलं होतं तिथून पुढे.

नोकरी लागली, शिफ्ट बदलल्या आणि रोजची माळ सुटली असेल, तर "आता काय उपयोग" हा निकाल आपण द्यायचा नाही. आपली आजची प्रत प्रामाणिकपणे बघायची, आणि झोपण्यापूर्वी एक माळ ओढायची.

राम कृष्ण हरी!