फी, पॅकेज आणि मधली चार वर्षे

इंजिनिअरिंगच्या केंद्रीभूत प्रवेशाच्या, म्हणजे कॅपच्या, फेऱ्या सुरू झाल्या की पालकांच्या फोनवर तक्ते फिरू लागतात. डावीकडे कॉलेजचे नाव, मग वर्षाची फी, मग पॅकेज आणि शेवटच्या रकान्यात दोहोंचा भागाकार. यंदा अशाच एका तक्त्याचा पुरस्कार करताना एका प्रवेश-सल्लागाराने भर सभेत सांगितले की, मध्यमवर्गीय पालकाने इमारत, प्रयोगशाळा, प्राध्यापक यांपैकी काहीही पाहू नये. शेवटचा रकाना पाहावा. त्या रकान्यात तालुक्याच्या गावचे ऐंशी हजार फीचे खासगी कॉलेज पुण्यातल्या दोन लाख फीच्या कॉलेजला मागे टाकते. सभागृहात टाळ्या पडल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांत कर्ज काढून मुलांना शिकवणारी माणसे होती, म्हणून या रकान्याला उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

याच्या नेमके उलट बोलणारेही आहेत. 2005 साली मॅकिन्सेने सांगितले की, बहुराष्ट्रीय कंपन्यांत काम करण्याजोगे भारतीय इंजिनिअर चारात एक आहेत. 2019 साली अस्पायरिंग माइंड्सच्या अहवालाने सांगितले की, ज्ञानाधारित उद्योगांत ऐंशी टक्क्यांहून अधिक इंजिनिअर नोकरीला लायक नाहीत. तेव्हापासून उद्योगपतींच्या भाषणांत हे आकडे येत राहिले आहेत, आणि त्यांतून निष्कर्ष निघतो तो असा की, गावोगावची स्वस्त कॉलेजे बंद करावीत. सल्लागार म्हणतो स्वस्त म्हणजे शहाणपणाचे, उद्योगपती म्हणतो स्वस्त म्हणजे निरुपयोगी. दोघांच्या हातातली पट्टी मात्र एकच आहे: पदवीनंतर लगेच कंपनी मुलाला किती पैसे देते.

आधी हा भागाकार त्याच्याच नियमांनी तपासू. वर्षाला 80 हजार फी म्हणजे चार वर्षांचे 3 लाख 20 हजार. मुलगा घरापासून दूर राहिला तर खोली आणि मेस मिळून महिन्याला 7 हजार धरा. वर्षाचे दहा महिने धरले तरी चार वर्षांत 2 लाख 80 हजार होतात. तक्त्यात न दिसणारा हा खर्च जवळजवळ फीइतकाच आहे. त्यात एखादे वर्ष डाऊन गेले तर मेस, खोली आणि एक अख्खे कमाईचे वर्ष वाढते.

आता पॅकेजकडे वळू. समजा, साठ जणांचा वर्ग आहे. त्यातले अडतीस चार वर्षांत सुटले. दहावी, बारावी आणि पदवीला साठ टक्के, एकही बॅकलॉग शिल्लक नाही, या कंपन्यांच्या नेहमीच्या अटीत पंचवीस बसले. त्यातल्या पंधरांना नोकरी लागली. माहितीपत्रकावर सरासरी छापली जाते ती या पंधरांची. उरलेले पंचेचाळीस हिशेबात कुठेच नाहीत, पण त्यांची फी आहे, कारण फी साठही जणांनी भरलेली असते. त्या पंधरांत एखाद्याला वीस लाखांची नोकरी लागली की सरासरी वर जाते आणि त्याचा फोटो चौकातल्या फ्लेक्सवर लागतो.

बहुतेकांच्या वाट्याला येते ते टीसीएस निंजाचे 3 लाख 36 हजार किंवा इन्फोसिसचे 3 लाख 60 हजार. सुरुवातीच्या पगाराचा हा आकडा गेल्या दहा-पंधरा वर्षांत फारसा हललेला नाही. याच काळात भाडे, मेस आणि फी मात्र वाढत गेली. चार लाखांचे शैक्षणिक कर्ज साडेदहा टक्क्यांनी सात वर्षांत फेडायचे तर महिन्याचा हप्ता 6 हजार 700 रुपयांच्या आसपास जातो. हिंजवडीजवळ चौघांत खोली घेऊन राहणाऱ्या मुलाच्या हातात हप्ता वजा जाता काय उरते, हे तक्ता वाटणाऱ्याने त्या मुलाच्या आईला समोर बसवून सांगावे.

पण भागाकाराची खरी अडचण वेगळीच आहे. 2024 च्या जुलैमध्ये राज्य सरकारने निर्णय घेतला की, कुटुंबाचे उत्पन्न 8 लाखांच्या आत असलेल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिकवणी फी सरकार भरेल. अनुसूचित जातींच्या मुलांना फ्रीशिप आधीपासून आहे. आर्थिकदृष्ट्या मागास घरांसाठीच्या ईबीसी सवलतीत निम्मी फी माफ होते. टीएफडब्ल्यूएस या फीमाफी योजनेच्या जागेवर शिकवणी फी नसतेच. म्हणजे आज या कॉलेजांच्या वर्गांत बसलेल्या पुष्कळ मुलामुलींसाठी छेद शून्य किंवा शून्याच्या जवळ आहे. शून्याने भागायचे कसे? अशा मुलीसाठी ऐंशी हजारांचे आणि दोन लाखांचे कॉलेज फीच्या बाबतीत सारखेच. ती कॉलेजात घालते ती अठरा ते बावीस ही चार वर्षे, आणि तक्त्याच्या एकाही रकान्यात ती नाहीत.

इथवर आल्यावर, ही पट्टीच फेकून द्या, शिक्षणाला पगाराने मोजू नका, असे लिहून थांबावे असे मला वाटले होते. विचार करता ते पटेना. शिक्षण पैशासाठी नसते, हे वाक्य ज्यांच्या तोंडी असते त्यांच्यापैकी बऱ्याच जणांची पदवी सरकारने पोसलेली असते. माझ्या पिढीतली अनेक मुले सरकारी कॉलेजांतून नाममात्र फीत इंजिनिअर झाली आणि त्यांना हा हिशेब कधी करावाच लागला नाही. शेत गहाण टाकून मुलाला पाठवणाऱ्या बापाला हिशेब करू नकोस म्हणणे हा अन्याय आहे. महात्मा फुल्यांनी 1882 साली हंटर आयोगापुढे रयतेच्या पैशाचा हिशेबच मागितला होता: कर भरतो कोण आणि शिकतो कोण. तेव्हा पट्टी ठेवायची. प्रश्न तिच्यावर काय मोजायचे हा आहे.

इथे मला दोन अमेरिकी अर्थतज्ज्ञांचे काम जवळचे वाटते, आणि त्यावर थोडे थांबायला हवे. स्टेसी डेल आणि ॲलन क्रूगर यांनी 2002 मध्ये प्रसिद्ध केलेला हा अभ्यास 1976 साली कॉलेजात गेलेल्या मुलांच्या 1995 मधल्या कमाईचा आहे. नामांकित कॉलेजांतली मुले जास्त कमावतात हे सगळ्यांना दिसतच होते. डेल-क्रूगरनी विचारले की, ही कमाई कॉलेजने दिली की मुलांनी ती सोबतच आणली होती? त्यांनी तुलना केली ती सारख्याच कॉलेजांत अर्ज केलेल्या आणि सारख्याच ठिकाणी निवडल्या गेलेल्या मुलांची. त्यांतली काही नामांकित कॉलेजात गेली, काही कमी नाव असलेल्या कॉलेजात. वीस वर्षांनी त्यांची कमाई जवळपास सारखी निघाली. मात्र या निष्कर्षाला एक अपवाद होता, आणि माझ्या दृष्टीने सगळे मर्म त्यातच आहे. गरीब घरांतल्या मुलांच्या बाबतीत कॉलेजमुळे फरक पडत होता.

हे अमेरिकेतल्या निवडक कॉलेजांचे चित्र आहे. यवतमाळ किंवा जळगावच्या कॉलेजाला ते जसेच्या तसे लागू होणार नाही. पण विचारण्याची पद्धत लागू होते. आपली कॅप ही जगातल्या काटेकोर चाळण्यांपैकी एक आहे. सीईटीच्या पर्सेंटाइलप्रमाणे मुले वरून खाली ओतली जातात. सीओईपी किंवा व्हीजेटीआयमध्ये प्रामुख्याने 99 च्या आसपासची मुले जातात आणि चार वर्षांनी मोठ्या कंपन्या त्यांनाच घ्यायला येतात. त्या पगारात कॉलेजचा वाटा किती आणि चाळणीचा किती हे वेगळे काढल्याशिवाय कोणत्याच कॉलेजला श्रेय देता येत नाही. तसाच स्वस्त कॉलेजला दोषही देता येत नाही. 55 पर्सेंटाइलचे मूल घेऊन त्याला तीन लाख साठ हजारांच्या नोकरीपर्यंत नेणाऱ्या कॉलेजने 99 पर्सेंटाइलच्या मुलाला बारा लाखांपर्यंत पोचवणाऱ्या कॉलेजपेक्षा जास्त काम केलेले असू शकते. हे सल्लागाराच्या तक्त्यात दिसत नाही, आणि उद्योगपतीच्या टक्केवारीतही नाही.

आणि घरची परिस्थिती? ज्याच्या घरात इंजिनिअर आहेत त्याला कोणत्याही कॉलेजात टाका. सुट्टीत काय शिकायचे, इंटर्नशिपसाठी कुणाला फोन करायचा, मुलाखतीत कसे बोलायचे हे त्याला घरीच कळते. मराठी माध्यमातून आलेल्या, घरातल्या पहिल्या पदवीधर मुलीला हे कॉलेजखेरीज कुठूनच मिळणार नाही. पहिल्या वर्षाच्या गणितात आणि ग्राफिक्समध्ये ती अडखळते. डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेल्या मुलांसाठी एम-थ्री हा गणिताचा पेपर किती वर्षे खाऊन जातो हे त्या मुलांना विचारा. कॉलेजची किंमत या अडखळण्याच्या जागी ठरते. तिथे कुणी हात दिला तर ती चार वर्षांत बाहेर पडते, नाहीतर वर्गातल्या त्या हिशेबाबाहेरच्या पंचेचाळीसांत जाते.

हात देणारा कोण? प्राध्यापक. आणि स्वस्त कॉलेज स्वस्त का असते याचे उत्तरही तिथेच आहे.

1983 साली वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित कॉलेजांना दार उघडले. देणग्या भरून मराठी मुले कर्नाटकात जात होती, ती इथेच शिकावीत हा त्यामागचा एक हेतू होता. पुढे कॅपिटेशन फी रोखणारा 1987 चा कायदा आला, उन्नीकृष्णन खटल्यातली फ्री सीट-पेमेंट सीटची विभागणी आली, 2002 साली टीएमए पै खटल्यात अकरा न्यायमूर्तींनी ती मोडीत काढली, 2005 साली आपल्याच राज्यातला इनामदार खटला झाला. या सगळ्यातून आजची रचना उभी राहिली: फी संस्थेच्या खर्चावर ठरते, नफेखोरी चालत नाही, आणि 2015 च्या कायद्याखालचे शुल्क नियामक प्राधिकरण लेखापरीक्षित खर्च पाहून फी मंजूर करते. या खर्चात सर्वांत मोठा वाटा पगारांचा असतो. म्हणजे कमी फी हा बव्हंशी कमी पगाराचा आकडा आहे. संस्था दानशूर असल्याचा तो पुरावा होत नाही. वीस-पंचवीस हजारांवर, करारावर, दर वर्षी नव्याने नेमलेला एमटेक झालेला तरुण या कॉलेजांत दिवसाला चार तास शिकवतो, मग मूल्यांकन करणाऱ्या एनबीएच्या फायली भरतो, मग प्रवेशाच्या मोसमात गावोगाव पालकांना भेटतो. सरकारकडून शिष्यवृत्तीचे पैसे उशिरा आले की सर्वांत आधी त्याचा पगार थांबतो. तंत्रशिक्षणाची नियामक संस्था असलेल्या एआयसीटीईने शिक्षक-विद्यार्थी प्रमाण 1:15 वरून 1:20 केले, आणि 2024 पासून चांगल्या ठरलेल्या कॉलेजांसाठी प्रवेशक्षमतेची कमाल मर्यादाही काढली. त्यानंतर संगणक शाखेच्या जागा भराभर वाढल्या. तेवढे अनुभवी शिक्षक कुठून आले, हे कुणी विचारले नाही.

या टप्प्यावर जे. पी. नाईकांची आठवण होते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या बहिरेवाडीचा हा माणूस कोठारी शिक्षण आयोगाचा सदस्य-सचिव होता. गारगोटीच्या मौनी विद्यापीठाच्या उभारणीत त्यांनी आयुष्याची वर्षे घातली. 1975 च्या त्यांच्या पुस्तकात समता, गुणवत्ता आणि संख्या या तिन्ही गोष्टी एकाच वेळी हाती न येण्याचा त्रिकोण मांडलेला आहे. नाईक 1981 मध्ये गेले. दोन वर्षांनी आलेला विनाअनुदानित निर्णय त्यांना पाहायला मिळाला नाही. पण पुढे घडले ते त्यांच्या त्रिकोणावर नीट बसते. संख्या संस्थाचालकांनी आणली. समता सरकारने फीमाफीतून आणू पाहिली, आणि ती खरोखर काही प्रमाणात आली. ते मी मनापासून मान्य करतो. तिसऱ्या कोनाचा खर्च मात्र कुणाच्याच अंदाजपत्रकात नव्हता, तो त्या करारावरच्या तरुणाच्या पगारातून आणि मुलांच्या चार वर्षांतून वसूल झाला. 2021 साली नेचर ह्युमन बिहेवियरमध्ये प्रशांत लोयल्का आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला. संगणक आणि इलेक्ट्रिकल शाखांच्या हजारो विद्यार्थ्यांची चार देशांत चाचणी घेतल्यावर दिसले की, भारतातली मुले पहिल्या दोन वर्षांत विषयज्ञान मिळवतात, पण चिकित्सक विचाराच्या क्षमतेत चार वर्षांत भर पडत नाही. विषयज्ञान पुस्तकातूनही मिळते. चिकित्सक विचार मात्र कुणीतरी समोर बसून, चुकीचे उत्तर ऐकून घेऊन, पुन्हा विचारल्याशिवाय येत नाही, आणि त्यासाठी टिकून राहणारा शिक्षक लागतो.

म्हणून माझे म्हणणे असे. फी मंजूर करणारे प्राधिकरण कॉलेजचा खर्च तपासतेच; त्याच आदेशाच्या पानावर त्याने आणखी काही आकडे छापावेत. दाखल झालेल्या मुलांचे मध्यक पर्सेंटाइल. त्यातल्या किती मुलांनी एकही वर्ष न गमावता चार वर्षांत पदवी घेतली. सर्व दाखल मुलांच्या हिशेबात किती जणांना नोकरी लागली आणि त्यांचा मध्यक पगार किती. आणि तीन वर्षांहून जास्त काळ टिकलेले शिक्षक किती. यातले बरेच आकडे आजही आहेत. एनआयआरएफ या राष्ट्रीय क्रमवारीला कॉलेजे वेळेत पदवी घेणाऱ्यांची संख्या आणि मध्यक पगार कळवतात, एनबीए बॅकलॉगशिवायचे यश मोजते. पण क्रमवारीत उतरणे ऐच्छिक असल्याने अनेक कॉलेजांची माहिती पालकांपुढे येतच नाही. फीमाफीचे पैसे सरकार देत असेल तर हे आकडे मागण्याचा अधिकार सरकारला आहे, आणि ते देण्याचे कर्तव्य कॉलेजला.

संस्थाचालक यावर म्हणतील की, असे आकडे छापले तर कॉलेजे कच्ची मुले घेणार नाहीत. पण कॅपमधून आलेले मूल कॉलेजला नाकारता येत नाही. नाकारण्याची मुभा आहे ती संस्थास्तरावरच्या वीस टक्के जागांपुरती. शिवाय दाखल मुलांचे पर्सेंटाइल त्याच पानावर असेल तर 55 वाल्यांना वेळेत पदवीपर्यंत नेणारे कॉलेज लपून राहणार नाही, उलट त्यालाच त्या पानाचा फायदा होईल. अशी कॉलेजे आहेत. आज ती आणि त्यांच्या शेजारचे, वर्गच न घेणारे कॉलेज सल्लागाराच्या तक्त्यात एकाच ओळीत उभे असतात, कारण दोघांची फी 80 हजार आहे.