एका वर्षाचा वकील

‘आपण येथे किती दिवसांचे?’ आखातातून सुटीवर आलेल्या आपल्या धर्मग्रामातील मुलांच्या तोंडी हे वाक्य आम्ही अनेकदा ऐकले आहे. शेजारच्या खोलीतील मजुराचा पगार मालकाने बुडवला तर काय करायचे? करार दोन वर्षांचा, मग घर. त्या मुलांना दोष देण्यास आमची जीभ रेटत नाही, कारण त्यांच्या पाठीमागे कर्जे आहेत, बहिणींची लग्ने आहेत. तरीही ठरावीक मुदतीसाठी परमुलखात गेलेला माणूस त्या मुलखाचे काही देणे लागतो काय, हा प्रश्न मनातून जात नाही.

१८९३ साली असाच एक करार झाला. मेमण व्यापारी दादा अब्दुल्ला यांच्या दक्षिण आफ्रिकेतील पेढीला चाळीस हजार पौंडांच्या दाव्यासाठी, त्यांच्या वकिलांना खटला समजावून देणारा माणूस हवा होता. मुंबईच्या न्यायालयात पहिल्याच खटल्यात तोंड न उघडलेले तेवीस वर्षांचे मोहनदास गांधी एका वर्षासाठी गेले. पहिल्या वर्गाचे जाण्यायेण्याचे भाडे, राहण्याजेवण्याचा खर्च आणि एकशे पाच पौंड. हे बॅरिस्टर म्हणून नव्हे, पेढीचा नोकर म्हणून जाणे आहे, हे त्यांना कळत होते.

जूनमध्ये, म्हणजे तिकडील थंडीत, मारित्झबर्ग स्थानकावर त्यांना पहिल्या वर्गाच्या डब्यातून उतरवले गेले. ओव्हरकोट सामानात, सामान रेल्वेच्या ताब्यात. पुन्हा अपमान होईल म्हणून तो मागवलाही नाही. कुडकुडत बसलेल्या त्या माणसापुढे परत फिरण्याचा मार्ग होता. अपमान गिळून खटला संपवण्याचाही होता, आणि आपल्यापैकी बहुतेक शहाणे लोक तोच पत्करतील. त्यांनी खटलाही सोडला नाही आणि अपमानाचे मूळ असलेल्या वर्णद्वेषाकडेही पाठ फिरवली नाही.

ज्याचे अन्न खाल्ले त्याचे काम त्यांनी कसे केले, हे आम्हांस त्या रात्रीइतकेच मोलाचे वाटते. हिशेबाच्या वह्या समजेनात, तेव्हा पुस्तक आणून ते जमाखर्च शिकले. पक्ष बळकट होता; पण दादा अब्दुल्ला आणि प्रतिवादी तय्यब शेठ हे एकमेकांचे नातलग, एकाच गावचे, आणि वकिलांची बिले दोघांनाही बुडवू पाहत होती. गांधींनी दोघांना लवादाकडे वळवले. निकाल अशिलाच्या बाजूने लागला: सदतीस हजार पौंड आणि खर्च. ही रक्कम एकदम वसूल केली असती तर तय्यब शेठांचे दिवाळे निघाले असते, आणि त्या समाजात दिवाळ्यापेक्षा मरण बरे मानत. गांधींनी दीर्घ मुदतीचे हप्ते मान्य करवले. जिंकण्यासाठी आणलेल्या वकिलाने हरलेल्याची बाजू घ्यावी काय? आमच्या मते येथे इमानाला बाध आला नाही, कारण अशिलाच्या पाठीमागे काहीच केले नाही. मन वळवले ते त्याच्या समोर बसून, आणि तेही कष्टाने.

१८९४ मध्ये निरोपाच्या मेजवानीतच वर्तमानपत्रातील बातमी त्यांच्या दृष्टीस पडली: नाताळमधील हिंदी लोकांचा मताधिकार जाणार. मंडळींनी महिनाभर थांबण्याची गळ घातली. मधल्या काही फेऱ्या वगळता तो महिना १९१४ पर्यंत लांबला. सार्वजनिक कामाचा मेहनताना त्यांनी नाकारला. निर्वाहासाठी व्यापाऱ्यांची वकिलीची कामे घेतली.

मात्र येथे हात जोडून थांबणे आम्हांस प्रामाणिकपणाचे वाटत नाही. कोणाच्या दुःखासाठी थांबायचे, हे पाहुणाच ठरवतो. १८९५ साली गांधींनी डर्बनजवळील मारियानहिल येथील ट्रॅपिस्ट मठाला भेट दिली. गोऱ्या-काळ्यांत भेद न मानता स्थानिक आफ्रिकी लोकांना हस्तव्यवसाय शिकवणारे ते संन्यासी पाहून त्यांनी इंग्लंडमधील एका नियतकालिकात कौतुकाने लेख लिहिला. त्याच सुमारास डर्बनच्या टपाल कचेरीला दोन दारे होती, एक गोऱ्यांना, दुसरे आफ्रिकी व आशियाई लोकांना मिळून. त्यांनी स्थापन केलेल्या नाताळ इंडियन काँग्रेसने तक्रार केली, आणि हिंदी लोकांसाठी तिसरे दार उघडण्यात आले.