प्ररोचना आणि विधी

गेल्या चातुर्मासातील एका संध्याकाळी आमच्या विठ्ठलमंदिराच्या ओवरीत एक तरुण कीर्तनकार मोबाइल फोनसमोर बसून एका अभंगाचे निरूपण मुद्रित करीत होता, आणि दर्शनाला गेलेला मी खांबाला टेकून ते पाहत होतो. फोन घडवंचीवर तांब्याला टेकवून उभा केलेला होता; पखवाजाच्या धुमेला नुकतीच कणीक लावून झाली होती आणि पखवाजी बोटे पुशीत थांबला होता. विषय होता परनिंदा, आणि अवधी होता एका मिनिटाचा. त्याने गुरूंनी शिकविल्याप्रमाणे आधी नामघोष केला, मग वंदन केले, आणि अभंगाच्या पहिल्या चरणाला हात घालणार तोच त्याच्या मित्राने त्याला थांबविले. “अरे महाराज, एवढ्यात माणूस पुढे सरकतो. पहिल्या तीन सेकंदांत हुक पाहिजे.”

हुक म्हणजे गळ. मित्राने तसे तीन गळ कागदावर लिहूनच आणले होते. “थांबा! ही चूक तुमच्याही घरात होते आहे,” हा पहिला, “हे सत्य तुम्हाला कोणीही सांगणार नाही,” हा दुसरा, आणि “हा व्हिडिओ टाळून पुढे जाल तर घरात अशुभ घडेल,” हा तिसरा. तिसऱ्याशी त्या मुलाचे बोट थबकले. त्याने माझ्याकडे वळून विचारले, “काका, ऐकलं तर त्यांचंच भलं होणार ना? मग थोडी भीती घातली तर बिघडलं काय?”

त्या क्षणी मला उत्तर सुचले नाही. परंतु प्रश्न इतका प्रामाणिक होता, आणि भक्तीच्या नावाने चाललेल्या आजच्या व्यवहाराच्या इतका मुळाशी जाणारा होता, की पुढचे कित्येक दिवस तो माझ्या मनातून हलला नाही.

श्रोत्याचे लक्ष मागणे यात काही हलकेपणा आहे असे मला वाटत नाही. ज्ञानेश्वरांनी नवव्या अध्यायाच्या आरंभीच श्रोत्यांकडे अवधान मागितले आहे, आणि ते मिळाल्यास श्रोते सर्व सुखाला पात्र होतील अशी उघड प्रतिज्ञाही केली आहे. मात्र लगोलग, हे आपण प्रौढी म्हणून बोलत नसून लेकराने सलगी करावी तशी विनवणी करीत आहोत, असेही त्यांनी सांगितले आहे. आपल्या भाषेत लक्ष देतातही आणि लक्ष वेधतातही. एकात श्रोता दाता असतो, तर दुसऱ्यात तो निशाण असतो. माउलींना श्रोता दाता म्हणून हवा होता, आणि म्हणूनच त्यांची प्रतिज्ञा एवढी मोठी असूनही तिच्यात जबरी नाही.

नाट्यशास्त्राने तर प्रेक्षकाला उन्मुख करण्याच्या या कार्याला ‘प्ररोचना’ असे स्वतंत्र नावच दिले. शाकुंतलाच्या प्रस्तावनेत नटी ग्रीष्म ऋतूचे गीत गाते, सारी सभा चित्रासारखी निश्चल होते, आणि सूत्रधार स्वतःच इतका रंगून जातो की आज कोणते नाटक करावयाचे हेच तो विसरतो. नटीने आठवण करून देताच तो म्हणतो की, तुझ्या गीताने मला ओढून नेले, जसे या वेगवान हरणाने दुष्यंत राजाला ओढून नेले आहे. आणि तत्क्षणी रथारूढ राजा हरणाचा पाठलाग करीत रंगभूमीवर प्रवेश करतो. श्रोत्याला मोहविणारे गीत आणि राजाला मोहविणारे हरीण यांची गाठ कालिदासाने एका वाक्यात मारली, ती इतकी बेमालूम की आरंभ कोठे संपला आणि नाटक कोठे सुरू झाले हे दाखविता येऊ नये.

ही गाठ म्हणजे नेमके काय, याची सर्वांत कठोर छाननी केली ती वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या मीमांसकांनी. वेदात आज्ञा आहेत, तशी नुसती स्तुतीची आणि निंदेची वाक्येही आहेत. वेदाचे प्रयोजन कर्म सांगणे हे असेल, तर ज्यात कर्म नाही ती वाक्ये व्यर्थ ठरतात, अशी रोकठोक हरकत जैमिनीच्या सूत्रांत पहिल्या अध्यायाच्या दुसऱ्या पादात पूर्वपक्ष म्हणून मांडलेली आहे. ऐश्वर्याची इच्छा असलेल्याने वायूला पशू अर्पण करावा, हा विधी. आणि वायू हा सर्वांत शीघ्रगामी देव आहे, ही त्याला जोडलेली स्तुती. सिद्धांत असा की स्तुतीला स्वतंत्र प्रामाण्य नाही; विधीशी तिची एकवाक्यता असेल, म्हणजे दोन्ही मिळून एकच वाक्य होत असेल, तरच ती सार्थ. देव शीघ्रगामी, म्हणून फळही शीघ्र. असे ऐकून आळसावलेला यजमान उठतो. अशा स्तुति-निंदेच्या वाक्यांना मीमांसक अर्थवाद म्हणतात, आणि अर्थवादाचे काम एवढेच.

मीमांसकांनी अतिशयोक्तीलाही मज्जाव केला नाही, हे मला फार उदारपणाचे वाटते. यज्ञातील खांबाला, यूपाला, श्रुती सूर्य म्हणते. खांब सूर्य नाही हे लहान मूलही जाणते. परंतु तुपाने माखलेला तो खांब उन्हात झळाळतो, आणि त्या झळाळीपुरते ते म्हणणे खरे. भीतीलाही त्यांनी जागा दिली. यज्ञात चांदीची दक्षिणा देऊ नये, कारण चांदी रुद्राच्या अश्रूंपासून झाली. जो देईल त्याच्या घरी वर्षाच्या आत रडणे होईल, असे एक वचन आहे. कागदावरच्या त्या तिसऱ्या गळाचे हे जणू सख्खे भावंड दिसते. परंतु शास्त्राने या भीतीला हद्द घालून दिली आहे: ती एका निश्चित निषेधाची चाकर आहे, निषेध उचलला की ती उरत नाही.

आणि येथेच मला त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर सापडले. ‘हा व्हिडिओ टाळाल तर अशुभ घडेल’ या वाक्यातील भीती परनिंदेच्या निषेधाला जोडलेलीच नाही. ती जोडलेली आहे पाहण्याच्या क्रियेला. परनिंदा करणारा मनुष्य तो व्हिडिओ पूर्ण पाहून उठला, की त्या वाक्याच्या हिशेबी तो निर्धास्त. आणि ज्याने उभ्या जन्मात कोणाची निंदा केली नाही, परंतु ज्याचा अंगठा पडद्यावरून सरकला, तो गुन्हेगार. ‘पाहा’ एवढाच तेथे विधी उरला आहे. पूर्वी पोस्टकार्डे येत, इतक्या जणांना लिहून पाठवा, न पाठविल्यास देवीचा कोप होईल अशी. त्यांचीही घडण हीच होती. ईश्वराचे नाव जामीन म्हणून पुढे करून वसुली मात्र दुसऱ्याच खात्यावर करावयाची, असा हा रोखा आहे.

यात त्या मुलांचा दोष मी थोडा मानतो. 2020 च्या 29 जूनला भारतात टिकटॉकवर बंदी आली, त्यानंतर थोड्याच महिन्यांत रील्स आणि शॉर्ट्स आले, आणि आपल्या गावोगावच्या मुलांना एक असे व्यासपीठ मिळाले जेथे श्रोता समोर बसलेला नसतो. कीर्तनात पूर्वरंग संपता संपता मंडळी चुळबुळ करू लागली तर ते कीर्तनकाराला दिसते, तो चाल बदलतो, दृष्टांत आवरता घेतो. येथे दिसतो फक्त आकडा. ज्याला श्रोत्याचा चेहरा दिसत नाही त्याने त्याला अवधान मागावे तरी कसे?

ऐकणाऱ्याचे भले होणार असेल तर थोडे असत्य चालेल का, हा भाग मात्र उरतोच. भागवताच्या अकराव्या स्कंधात, ज्यावर एकनाथांनी 1573 साली काशीत आपली टीका पूर्ण केली, फलश्रुतीला रोगी बालकाला औषधाची रुची लावण्याची उपमा दिली आहे. गूळ दाखवून कडुनिंब पाजणारी आई खोटे बोलत नाही, कारण गूळही ती देते. सद्धर्मपुंडरीक सूत्रातला पिता पेटलेल्या घरातून मुलांना बाहेर काढण्यासाठी शेळी, हरीण आणि बैल जुंपलेल्या गाड्यांचे आमिष दाखवितो, आणि मुले बाहेर येताच प्रत्येकाला कबूल केल्याहून थोर गाडी देतो. तो असत्य बोलला काय, या बुद्धाच्या प्रश्नाला शारिपुत्र ‘नाही’ असे उत्तर देतो. मात्र दोन्ही ठिकाणी घर खरोखर पेटलेले आहे आणि रोग खरोखर जडलेला आहे. गळाच्या वाक्याने ज्या संकटाची भीती घातली ते मुळात नव्हतेच, आणि जे देऊ केले ते शेवटी दिलेच नाही, तर गुळाचा दाखला तेथे लागू होत नाही.

पुढल्या एकादशीला मी त्या मुलाला यूप आणि चांदीची ती गोष्ट सांगितली. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग त्याने मित्राकडून कागद घेतला, तिन्ही ओळी खोडल्या, आणि पेन्सिलीने काहीतरी लिहून, पुन्हा खोडून, शेवटी तांब्याला फोन टेकविला. पखवाजी सरसावून बसला. फोनकडे पाहत तो मुलगा सावकाश म्हणाला, “काल तुम्ही कोणाबद्दल त्याच्या माघारी काय बोललात, ते आठवा.” आणि तो थांबला. तीन सेकंद नक्कीच झाले असतील. मग त्याने नामघोष केला आणि अभंग उचलला.

मी खांबाशीच उभा होतो. आदल्या दिवशी पारावर बसून एका शेजाऱ्याच्या मुलीविषयी मी जे बोललो होतो, ते मला शब्दाशब्दासह आठवत होते.