झुडपाखाली निजलेला संदेष्टा

शास्त्रपाठ : १ राजे, अध्याय १९



कर्मेल डोंगरावर शेकडो खोट्या संदेष्ट्यांसमोर जो एकटा उभा राहिला, तोच एलीया पुढल्याच अध्यायात रानातील झुडपाखाली बसून मरण मागतो. देवाने त्यास, तुझा विश्वास कोठे गेला, असे म्हणून धमकाविले नाही. प्रथम त्यास झोप लागू दिली. दूताकरवी भाकर व पाणी दिले, आणि पुन्हा निजू दिले. अंगी बळ आल्यावर तो चाळीस दिवस चालून होरेबास पोहोचला. तेथे देवाने त्याचे गाऱ्हाणे विचारून ऐकून घेतले. एकदा नव्हे, दोनदा. त्यानंतरच, आपण एकटेच उरलो ही त्याची समजूत दुरुस्त केली, कारण सात हजार शिल्लक होते. आणि काम नेमून देऊन सोबतीस अलीशा दिला.

हल्ली ज्यास एकात्म समुपदेशन म्हणतात, त्याची रीत याहून फार निराळी नाही. गेल्या शतकात दुःखी मनास साह्य करण्याच्या अनेक पद्धती निघाल्या. कोणी बालपणीच्या जखमा शोधिल्या. अमेरिकेतील कार्ल रॉजर्स यांनी १९५१ सालच्या आपल्या ग्रंथात, दोष न लाविता मनापासून ऐकण्यावर भर दिला. आरन बेक यांनी १९६० नंतरच्या दशकात निराशेचे विचार तपासून पाहण्यास शिकविले. एकात्म समुपदेशक एकाच पद्धतीस चिकटून राहत नाही; समोरच्या मनुष्याची गरज पाहतो. कोणास आधी ऐकणारा पाहिजे, कोणास झोप व डाक्तराचे औषध, कोणास विचारांची दुरुस्ती, कोणास सोबत.

मालवणच्या किनाऱ्यावर रापण ओढिताना आपण पाहतोच. एकाच बाजूचा दोर ओढिला तर जाळे तिरके होऊन मासळी निसटते. मनुष्याचे शरीर, मन, घर व आत्मा यांचेही तसेच आहे.

हे मी उशिरा शिकलो. मे २०२१ मधील तौक्ते वादळानंतर मी एका मच्छीमार बंधूच्या घरी गेलो. होडी गेली होती. तो ओसरीवर बसून असे, पेजही घेत नसे. मी शास्त्र वाचिले, विश्वास धर म्हणालो, प्रार्थना केली आणि उठलो. दारापर्यंत आलेली त्याची पत्नी हळूच म्हणाली, "पाद्रीबाबा, तुमी तेंचा कायच आयकूक नाय." ते शब्द मला अद्याप बोचतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो व नुसता बसलो. पुष्कळ वेळाने तो बोलला. कर्ज, लाज, रात्रीची जाग, आणि मरणाचा विचारही. मग आम्ही दोघे मिळून डाक्तराकडे गेलो. प्रार्थना सोडिली नाही; परंतु आता ती त्याच्या खऱ्या दुःखासाठी होऊ लागली.

म्हणून, उपदेशक बंधूंनो, तीन गोष्टी ध्यानात धरा. पहिली, बोलण्याआधी ऐका, आणि दुःखास अविश्वास असे नाव देऊ नका. दुसरी, ऐकिलेले पोटात ठेवा. ओसरीवरची गोष्ट बंदरावर गेली तर तो मनुष्य पुन्हा तोंड उघडणार नाही. तिसरी, आपली मर्यादा ओळखा. कोणी मरणाची भाषा बोलू लागला तर त्यास एकटे सोडू नका. त्याच्या जिवासाठी घरच्यांस विश्वासात घ्या व डाक्तराकडे न्या. ऑक्टोबर २०२२ पासून सरकारची 'टेलि-मानस' सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस, विनामूल्य व मराठीतूनही मिळते. रत्नागिरीस सरकारी मनोरुग्णालय आहे. तेथे जाणे ही लाजेची गोष्ट नव्हे. दूताने आणिलेली भाकर एलीयाने नाकारिली नाही. आपणही नाकारू नये.

ज्या देवाने थकलेल्या संदेष्ट्यास आधी निजू दिले, तो आपणांस एकमेकांजवळ शांतपणे बसण्याची कृपा देवो. आमेन.