कारणे दाखवा

माणसाच्या हातून चुकीचं बटण दाबलं गेलं, तर ते कर्म कुणाचं? प्रश्न गमतीचा वाटेल. पण मी पतसंस्थांच्या सॉफ्टवेअरची देखभाल करते, आणि माझ्यापुढे तो चौकशीच्या कागदांतून येतो. उत्तर बहुतेक वेळा आधीच टाइप केलेलं असतं: ‘लिपिकाचा निष्काळजीपणा’.

सध्याचं प्रकरण एका तालुक्याच्या गावातलं आहे. तिथले कॅशियर काका निवृत्तीला आलेत. एका डोळ्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं व्हायचंय. अक्षरं नीट दिसावीत म्हणून कुणीतरी त्यांच्या विंडोजवर १०० टक्क्यांचं १५० टक्के करून दिलं. अक्षरं मोठी झाली, बटणं होती तेवढीच राहिली. हा प्रोग्रॅम पूर्वी ज्या कुणी लिहिला, त्याने प्रत्येक बटणाची रुंदी पिक्सेलमध्ये कायमची ठरवून टाकली होती. मुदत ठेवीच्या खिडकीत दोन बटणं शेजारीशेजारी आहेत: ‘ठेवीचे नूतनीकरण करा’ आणि ‘ठेवीचे खाते बंद करा’. आता दोन्हींवर एकच मजकूर दिसत होता: ‘ठेवीचे…’. इंग्रजीत क्रियापद आधी येतं, त्यामुळे शेपूट कापलं तरी निभावतं. आपलं क्रियापद शेवटी, आणि नेमकं तेच टिंबांत गेलं. काकांनी एक बटण दाबलं. छोटी खिडकी उघडली: ‘खात्री आहे का? होय / नाही.’ कशाची खात्री, ते तिथे लिहिलेलं नव्हतं. काकांना खात्री होतीच. त्यांनी ‘होय’ म्हटलं. एका विधवा बाईंची ठेव बंद होऊन रक्कम बचत खात्यात जाऊन पडली. लक्षात येईपर्यंत ठेवीचं व्याज बुडत राहिलं. काकांच्या हातात नोटीस पडली, सात दिवसांत खुलासा द्या.

गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माची पाच कारणं सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि दैव. कर्म योग्य असो वा अयोग्य, ही पाच असतातच. आणि लगेच पुढे, जो एकट्या स्वतःलाच कर्ता समजतो त्याला नीट दिसत नाही, असंही ठणकावलं आहे. तिथला रोख मोक्षाकडे आहे, पतसंस्थेकडे नाही, हे मला ठाऊक आहे. करण म्हणजे इंद्रियं, असा अर्थ भाष्यकार लावतात, तोही मान्य. तरी डोळा आणि बोट ज्या साधनाला जोडली जातात, ते साधन या हिशेबाबाहेर कसं ठेवणार? काकांचं थकलेलं शरीर अधिष्ठानात आलं, अधू डोळा करणात. वर्षानुवर्षं डावीकडचंच बटण दाबायची हाताला लागलेली सवय चेष्टेत आली. ही सवय किती खोल असते ते दोन्हीकडे काम करणाऱ्याला विचारा: विंडोजच्या चौकटीत ‘ओके’ डावीकडे आणि ‘कॅन्सल’ उजवीकडे, मॅकवर होकार उजव्या टोकाला. मशीन बदललं की डोकं लगेच जुळवून घेतं, बोट मात्र जुन्याच जागी जातं.

माझे वडील कॉलेजात संस्कृत शिकवायचे. जेवताना न्यायशास्त्र निघालं नाही असा दिवस विरळा. त्यांची आवडती कथा होती कुंभाराची. विश्वनाथ पंचाननांच्या ‘भाषापरिच्छेद’ या ग्रंथात ती चर्चा येते. मडकं व्हायचं तर चाक फिरवायला काठी लागते, म्हणून काठी हे मडक्याचं कारण. पण काठीचा रंग, कुंभाराचा बाप, माती वाहून आणणारं गाढव, हे सगळे मडक्याच्या आधी हजर असूनही कारण नव्हेत. ते ‘अन्यथासिद्ध’; मडक्याचा हिशेब त्यांना न धरताच पुरा होतो. लहानपणी मला गाढवाची दया यायची.

चौकशी समित्या नेमकं हेच करतात. बटणाची रुंदी, जागा, मजकूर हे सगळं त्यांच्या लेखी काठीचा रंग. त्या वेळी हजर होतं खरं, पण कारण नव्हे. कारण एकच, काका.

इथे मात्र नैयायिकांचा दाखला जसाच्या तसा लागू होत नाही. काठीला रंगाखेरीज वजन आहे, लांबी आहे. रंग उडाला तरी चाक फिरतं. काकांच्या पडद्यावरच्या बटणाला दिसण्याखेरीज काय आहे? कुठे आहे, किती रुंद आहे, वर काय लिहिलंय आणि शेजारी कोण आहे, एवढंच ते बटण. त्याचं रूप बदललं की हातात आलेली काठीच बदलली. पडदा वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर वापरणाऱ्या पूर्ण अंध माणसाला त्या बटणाचा सगळा मजकूर ऐकू आला असता आणि तो चुकला नसता. फसला तो अर्धवट दिसणारा माणूस, कारण तो दिसण्यावर विसंबला.

अन्वय-व्यतिरेकाची कसोटीही मी लावून पाहिली. माझ्या लॅपटॉपवर तीच खिडकी १०० टक्क्यांवर उघडली, दोन्ही बटणं शेवटच्या अक्षरापर्यंत वाचता आली. १५० टक्के केले, दोन्ही जुळी झाली. माणूस तोच, हात तोच, हेतू तोच ठेवून बटण तेवढं रुंद केलं की चूक होत नाही. जे असताना कार्य घडतं आणि काढल्यावर घडत नाही, त्याला गाढवाशेजारी बांधता येणार नाही.

या धंद्यातल्या जुन्या माणसांना हे कळलं होतं. ॲपलच्या ‘लिसा’ संगणकावर, १९८३ मध्ये तो बाजारात येण्याआधी, होकाराच्या बटणावर ‘डू इट’ असं लिहिलेलं होतं. दोन शब्दांमधली फट इतकी बारीक होती आणि मोठा आय लहान एलसारखा दिसे, की चाचणीला बसलेल्या एकाने ते ‘डोल्ट’, म्हणजे मठ्ठ, असं वाचलं. मशीन मला मठ्ठ का म्हणतंय, म्हणून तो चिडला. त्या लोकांनी माणसाला डोळे तपासायला पाठवलं नाही, बटणावर ‘ओके’ लिहिलं.

यावर संस्थेच्या एका संचालकांनी मला विचारलं, “मॅडम, पाच-पाच कारणं काढलीत तर जबाबदार कुणीच उरणार नाही. उद्या प्रत्येक जण म्हणेल, मी निमित्तमात्र!” आक्षेप खरा आहे. गीतेची ही ढाल लबाडांनी पुष्कळ वापरली आहे. पण कारणं पाच आहेत याचा अर्थ सगळ्यांचा वाटा सारखा, असा होत नाही. माझा निकष साधा आहे: कुणाला माहीत होतं, आणि कुणाच्या हातात बदलणं होतं? बटणाची रुंदी बदलणं काकांच्या हातात नव्हतं. साधनाला जाब विचारता येत नाही, म्हणून ते मांडणाऱ्याला विचारायचा.

राहता राहिलं दैव. अहवालात त्याला हल्ली ‘तांत्रिक अडचण’ म्हणतात. वीज कडाडून सर्व्हर जळाला तर ते दैव. अक्षर मोठं केलं की मजकूर वाढणार, ही तर साधी बेरीज आहे. आणि बटणाने मजकुराच्या मापाने आपोआप रुंद व्हावं याची सोय अशी सॉफ्टवेअर बनवण्याच्या साधनांत कधीचीच आहे. वापरली नाही, इतकंच. दुसऱ्या एका शाखेतून अक्षरं कापली जातात अशी तक्रारही आधी आलेली होती. तक्रार नोंदवल्यानंतर जे घडतं त्याला दैव म्हणणं हा देवावर आळ आहे.

काकांना मी सांगितलं, खुलाशाला पडद्याचा फोटो जोडा, आणि स्वतःचा वाटा लपवू नका: दोन बटणं सारखी दिसत असताना विचारायला हवं होतं, ते विचारलं नाही. एवढं त्यांचं. उरलेल्याचा खुलासा तक्रार फायलीत ठेवणाऱ्या संस्थेने आणि देखभालीचे पैसे घेणाऱ्या आमच्या कंपनीने द्यायचा आहे. त्यासाठीही मुदत सातच दिवसांची असावी.